हाताचा दाखला

मधुकररावांनी गाडीच्या दारावरून तळहात फिरवला. आधी वरून खाली, मग डावीकडून उजवीकडे. पत्रा दवानं ओला आणि थंडगार होता, पण त्याला कुठेच कडी नव्हती. एवढ्या मोठ्या गाडीत माणसानं शिरायचं कुठून, ते हाताला काही सापडेना.

"काका, तिथं दाबावं लागतं," मागून रजतच्या बायकोचा, अंकिताचा आवाज आला.

"हो, हो. पाह्यतच होतो," मधुकरराव म्हणाले. "काय एकेक काढून राह्यले लोक. दार हाय अन् कडी नाई."

अंकिता हसली. तिनं काय केलं कोण जाणे, पण बोटांखाली टक् वाजलं आणि सपाट पत्र्यातून कडी आपणहून बाहेर आली. मधुकरराव वाकून आत बसले. पायाशी ठेवलेली काठी चाचपून घेतली. गाडीतलं आसन खालून तापायला लागलं, पण आज ते दचकले नाहीत. काल पहिल्यांदा तसं झालं तेव्हा त्यांना भलतीच शंका आली होती आणि केळझर मागे पडेपर्यंत ते अंग चोरून बसले होते.

रजतनं गाडी सुरू केली. आवाज असा झालाच नाही. चाकाखाली खडी कुरकुरली म्हणून कळलं, की निघालो.

तीन दिवसांचा प्रवास होता. रजतच्या आजोबांचं, बापूजींचं, आर्वीला कापडाचं दुकान होतं. बापाच्या काळात नागपुरात हॉटेलं झाली. आता रजतनं बोरच्या जंगलाजवळ जागा घेतली होती आणि तिथं तो लॉज बांधणार होता. बारा कॉटेज, मधोमध हिरवळ आणि हिरवळीच्या कडेला पांढऱ्याशुभ्र गवळाऊ गाईंचा कळप. असा लॉज या भागात कोणाकडे नाही, असं तो म्हणे. बांधकामाआधी त्याला डोंगरातले इतर लॉज राहून पाहायचे होते आणि वाटेतल्या गोठ्यांवर जनावरंही निवडायची होती. निवडायला मधुकरराव होते.

डोंगरातल्या जनावरांना कागद नसतो. कोणाची आई कोण, बाप कोण, हे गुराख्याच्या डोक्यात असतं. रजतचे भागीदार मुंबईत बसणारे, त्यांना पुरावा हवा. मग रजतनंच तोड काढली. चाळीस वर्षं गुरांच्या प्रदर्शनात पंच म्हणून बसलेला माणूस जनावरावर हात ठेवून सांगेल आणि अंकिता ते फोनवर टिपून घेईल. कागदाच्या जागी तेवढं पुरेल, असं भागीदारांनी मान्य केलं.

काल चार गाई झाल्या होत्या. चारही वेळा मधुकरराव फोनसमोर तेच बोलले होते: "मी मधुकर शामराव घोडमारे. मी ही गाय पाहिली. ही असल गवळाऊ आहे." दर वेळी 'पाहिली' या शब्दाशी जीभ किंचित अडे. ते खाकरत आणि पुढे जात.

उजवा डोळा दोन वर्षांपूर्वीच विझला होता. डाव्यात नळीतून पाहावं तेवढं उरलं होतं, तेही या पावसाळ्यात गेलं. आता उजेड कुठे आणि सावली कुठे, एवढंच कळे. काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. सोबत कोणी नाही का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा "बाहेर बसला हाय पोरगा" असं सांगून मधुकरराव एकटेच यष्टीच्या स्टँडवर आले होते. गावात निभत होतं. गावातला प्रत्येक दगड पायाला ठाऊक होता.

आणि जनावरांचं म्हणाल, तर जनावर पाहताना ते पहिल्यापासूनच डोळे मिटत. शिंगांच्या मधून हात सुरू करायचा, मानेवरून वशिंडावर, तिथून पाठीच्या कण्यावरून शेपटीपर्यंत, मग खाली खुरांपर्यंत. कातडं चिमटीत धरून सोडायचं, ते किती झटकन बसतं ते पाहायचं. जनावराला चार पावलं चालवायचं आणि खुरांचा आवाज ऐकायचा. लोकांना ती मधुकररावांची ऐट वाटे. आता तेवढी ऐटच उरली होती आणि ती कोणाला खोटी वाटत नव्हती.

रजतनं शब्द दिला होता. लॉज उभा राहिला, की गोठ्याला लागून एक खोली आणि सगळा कळप मधुकररावांच्या हाती. मरेपर्यंत राहा, काका. बायको, सुमित्राबाई, गेल्यानंतर मुलानं, धीरजनं त्यांना पंधरा दिवस नागपुरात नेलं होतं. तिसरा मजला. पोरगा चांगला, सूनही चांगली, पण भिंतीपलीकडे लिफ्ट वर-खाली करायची आणि पहाटे जाग आली की कुठेच कोणी रवंथ करत नसायचं. घरचं शेवटचं जनावर विकून आता वर्ष झालं होतं. या तीन दिवसांत नजरेचं बिंग फुटलं, तर उरलेलं सगळं आयुष्य त्या तिसऱ्या मजल्यावर होतं. ते मरणाला भीत नव्हते. त्या शांततेला भीत होते.

कारंज्याच्या अलीकडे खिशातला फोन वाजला. धीरजच होता.

"बाबा, जेवण-बिवण बरोबर आहे ना? थंडी लय पडून राह्यली तिकडे."

"अरे, राजावानी ठेवलं हाय मले. न्हाणीघरात खुर्ची हाय, बोल."

"चष्मा नवीन घेतला का? नंबर काढून घेजा म्हटलं होतं मी."

मधुकररावांनी फोन कानाशी घट्ट दाबला. "जुनाच बरा हाय."

"बरा कसा? दिवाळीले आलतो तर तुम्ही माह्या हातात पानाऐवजी विभूतीची डबी दिली."

"गंमत केली तुही," मधुकरराव म्हणाले. "ठेव आता. गाडी घाटात हाय."

गाडी घाटात नव्हती. ट्रकांच्या हॉर्नवरून हमरस्ता आहे, हे सगळ्यांनाच कळत होतं. पुढे बसलेली अंकिता मागे वळल्याचा आवाज झाला. रजत गाणं बदलत होता.

कारंज्याला ढाब्यावर चहा झाला. शेजारी संत्र्याच्या मोठ्या ढिगाचा आंबटगोड वास सुटला होता. चहाचा पेला अंकितानं टेबलावर न ठेवता सरळ त्यांच्या हातात दिला. मधुकररावांना ते जाणवलं. थोरामोठ्यांची रीत पाळते पोरगी, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

"काका, उद्याचा वळू म्हणजे आपला हिरो आहे," रजत म्हणाला. "फाटकातून शिरल्याबरोबर तोच दिसला पाहिजे. लॉजच्या पाटीवर पण त्याचंच चित्र. मी व्हिडिओ पाहिलाय. काय वशिंड आहे! काय मान आहे!"

"त्याच्यापासून कळप वाढंन," मधुकरराव म्हणाले. "दोन वर्षांत पाहून घेजो, कालवडी अशा होतीन का—"

"नाही नाही, वाढवायचं नाही. खच्ची करून घेणार त्याला. मोकळा वळू गेस्टमध्ये कसा ठेवणार? लहान मुलं असतात, सेल्फीवाले असतात. उद्या कोणाच्या अंगावर गेला म्हणजे?"

पेला मधुकररावांच्या ओठांपाशी थांबला.

"मग सांड काऊन घेता? एखादा बैल घ्या. लय मिळतीन."

"दिसायला फरक पडतो ना काका. बैलाला तसं वशिंड येत नाही. हा पूर्ण वाढलेला आहे. आता खच्ची केला तरी तसाच दिसतो म्हणे. डॉक्टरला विचारलंय मी."

रजतनं ते वाईट मनानं सांगितलं नव्हतं. नव्या घराची फरशी कोणती बसवणार, ते सांगावं तसं सांगितलं. मधुकररावांनी चहा संपवला. चहा गोड होता की नव्हता, ते त्यांना नंतर आठवलं नाही.

त्या दिवशीचा लॉज डोंगराच्या माथ्यावर, तलावाच्या वर होता. दारात कोणी तरी गळ्यात सुताची माळ घातली, गार रुमाल हातात दिला. खोलीच्या वाटेवर मधुकररावांचं कपाळ काचेच्या भिंतीवर सणकून आपटलं. पण लॉजचा माणूसच धावत आला आणि माफी मागू लागला. "काच आम्ही इतकी साफ ठेवतो ना सर, आठवड्यातून दोन जण आपटतातच." मधुकरराव कपाळ चोळत हसले. मोठ्या लोकांच्या जागेचा असाही फायदा असतो.

संध्याकाळी सगळे पाहुणे कठड्यापाशी जमले. सूर्य बुडताना कोणी तरी टाळ्या वाजवल्या. हा रोजचाच बुडणारा सूर्य, त्याला टाळ्या कशाला, हे मधुकररावांना कळलं नाही. पण त्यांनीही दोन वाजवल्या.

"काका, आमचा एक फोटो काढता?" अंकितानं फोन त्यांच्या हातात ठेवला. "मधला गोल दाबायचा फक्त."

गोल. गुळगुळीत काचेवर गोल कुठे असतो? मधुकररावांनी फोन चेहऱ्यासमोर धरला, आवाजाच्या दिशेनं वळवला आणि अंगठा अंदाजानं दोनतीन जागी दाबला. एकदा कचकन आवाज झाला.

"दाखवा, दाखवा," रजत आला आणि मोठ्यानं हसला. "काका! नुसते आमचे बूट आलेत. आणि एकात तर तुमचा अंगठाच आहे."

"माहं काम गुरांचं," मधुकरराव म्हणाले. "मानसं मले जमत नाईत."

रजत आणखीच हसला. अंकितानं फोन त्यांच्या हातून घेतला. घेताना तिची बोटं त्यांच्या बोटांपाशी जरा जास्त वेळ थांबली. ती हसली नव्हती.

"वारा सुटलाय," ती म्हणाली. "तुम्ही कठड्याला धरून चाला काका. पुढे तीन पायऱ्या आहेत."

तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी डांबरी रस्ता सोडून दगडांच्या वाटेला लागली. खिडकी उघडली तेव्हा पळसाच्या वाळक्या पानांचा आणि शेणाच्या धुराचा वास आत आला. मधुकरराव या वाटेनं पंधरा वर्षांत आले नव्हते.

वळू अण्णाजींचा होता. हे त्यांना रात्रीच कळलं होतं, जेवताना. रजतला सौदा अण्णाजींच्या पोरानं, भैय्याजीनं ठरवून दिला होता. भैय्याजीला लॉजवर कायमची नोकरी मिळणार होती.

पंधरा वर्षांपूर्वी कारंज्याच्या प्रदर्शनात अण्णाजींनी सांड आणला होता. मधुकररावांनी हात फिरवला आणि शेपटी पाहून त्याला बाजूला काढलं. शेपटीचा गोंडा मागच्या गुडघ्याच्या बराच खाली लोंबत होता. "हा असल नाई," ते चारचौघांत म्हणाले होते. अण्णाजी भर मैदानात ओरडले होते, "डोळे हायेत का भोकं, मधुकरराव?" आणि दोर ओढत निघून गेले होते. पुढे पाचसात वर्षांत त्या सांडाच्या कालवडी बाजारात यायला लागल्या. सडपातळ, उंच, पांढऱ्याफेक, वाऱ्यासारख्या चालणाऱ्या. एकेक पाहिली की मधुकररावांना कळे, आपण चुकलो. एका शेपटीपायी सबंध जनावर नाकारलं. ते अण्णाजींना जाऊन सांगावं, असं दर वर्षी वाटायचं. कापूस निघाला की जाऊ, लग्नसराई झाली की जाऊ, असं करता करता पंधरा वर्षं निघून गेली.

गाडी थांबली. भैय्याजीचा आवाज धावत आला, "या साहेब, या मॅडम, या या." मधुकरराव काठी टेकत उतरले. दहाबारा पावलांवर एक उंच काळसर आकार उभा होता. त्यांनी हात जोडले.

"राम राम, अण्णाजी."

कोणी उत्तर दिलं नाही. राग अजून गेला नाही तर, असं त्यांना वाटलं. मग उत्तर आलं, पण समोरून नाही. डाव्या बाजूनं, अगदी जवळून.

"राम राम."

मधुकररावांचे हात तसेच जोडलेले राहिले. वारा आला आणि समोरचा आकार फडफडला. खांबावर वाळत घातलेली घोंगडी होती ती.

भैय्याजी साहेबांना गोठा दाखवायला घेऊन गेला होता. कोणी पाहिलं नव्हतं. अण्णाजींनी पाहिलं होतं. त्यांच्या चपला दोनदा वाजल्या, जवळ आल्या आणि थांबल्या. म्हाताऱ्या माणसाच्या अंगाला येतो तसा तंबाखूचा आणि गोठ्याचा वास आला.

"कवापासून?" अण्णाजींनी हळूच विचारलं.

मधुकररावांनी जोडलेले हात खाली घेतले.

"बरं," अण्णाजी म्हणाले. "चाला. सांड तिकडं हाय. माह्या आवाजामांगं या."

ते मुद्दाम बोलत चालले. इथं खड्डा आहे, कवापासून बुजव म्हणतो पोराले. ही बाभूळ अंगणात वाढली, काट्याची. मधुकरराव आवाजामागून गेले.

सांडाचा श्वास आधी ऐकू आला. मग ऊब लागली. अण्णाजींनी वेसणीची दोरी धरली आणि तोंडानं बारीक चुकचुकले. मधुकररावांनी हात पुढे केला, तो शिंगांच्या मधल्या हाडावर पडला.

त्यांनी सवयीनं डोळे मिटले.

आखूड शिंगं, जराशी मागे झुकलेली. लांब निमुळतं तोंड. मानेचं कातडं पातळ आणि सैल, गळ्याखालची पोळी हातात घेतली तर पाण्यासारखी ओघळली. वशिंड असं, की हात वर चढत गेला आणि तरी संपेना. पाठीचा कणा सरळ. शेपटीचा गोंडा जिथे असायला हवा तिथेच, गुडघ्याच्या जराशाच खाली. अण्णाजींनी चार पावलं चालवला. मधुकररावांनी कान दिला. चार खूर, चार आवाज, एकही दुसऱ्यावर पडला नाही. चाळीस वर्षांत त्यांच्या हाताखालून असं जनावर तीनदा गेलं असेल किंवा दोनदा. त्यांचा तळहात वशिंडावर परत गेला आणि तिथेच राहिला.

"कोणाचा?" त्यांनी विचारलं.

"त्याचाच पणतू. तुम्ही बाजूले काढला होता त्याचा."

मधुकररावांनी मान हलवली. "मी चुकलो होतो, अण्णाजी. लय वर्सं झाले मले कळून."

"मले माहीत हाय." अण्णाजींनी दोरी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मधुकरराव, बारा गावच्या गाई याच्यापाशी येतात. टेकडीपलीकडून, दोन दोन दिवस चालत. दुसरा सांडच राह्यला नाई या डोंगरात. सगळीकडं डाक्टरच्या सुईनंच गाई भरवतात. पोरानं सौदा केला. त्याले नोकरी लागून राह्यली, लग्नाची पोरगी हाय. मी कोण्या तोंडानं नाई म्हनू? तुम्ही म्हना."

"काय?"

"असल नाई म्हना. मांगं म्हनलं होतं तसंच. मी या खेपेले आवाज करनार नाई."

मधुकररावांचा हात वशिंडावर होता. त्याखाली ते प्रचंड जनावर श्वास घेत होतं आणि सोडत होतं. त्याला खच्ची करणार आहेत, हे अण्णाजींना ठाऊक नव्हतं. ते सांगण्याची मधुकररावांना हिंमत झाली नाही.

पावलं वाजली. रजत उत्साहानं बोलत आला. "काका! झाला का हात फिरवून? आहे ना? मी म्हटलं होतं की नाही?"

"हाय," मधुकरराव म्हणाले. "पण रागीट वाटते. डोळ्यात राग हाय."

"त्याची सोय करणारच आहोत ना."

"पोटाखाली केसांचा भोवरा हाय. अशा भोवऱ्याचं जनावर लोक दारात बांधत नाईत."

"पोटाखालचा भोवरा कुठला गेस्ट बघायला जातोय, काका!" रजत हसला. "असल आहे की नाही तेवढं सांगा. बाकी सगळं चालेल. भैय्याजी, तुम्ही अशी दोरी धरा, मी इकडून उभा राहतो. काकांचा वेगळा घेऊ, मग आमचा एकत्र. अंकिता, काकांचं आधी घे."

अण्णाजींनी दोरी पोराच्या हाती दिली. भैय्याजीनं सांडाला पटांगणाच्या उजेडात नेलं, रजत त्याच्या मागे गेला. हाताखालून ऊब निघून गेली आणि मधुकररावांचा तळहात हवेत राहिला. त्यांनी तो सदऱ्याला पुसला.

अंकिता समोर येऊन उभी राहिली. "सांगा काका. सुरू केलंय."

दोन वाक्यं होती. असल आहे म्हटलं, की गोठ्याजवळची खोली होती, पहाटेचा रवंथ होता आणि फाटकाशी उभा केलेला हा सांड होता, दिसायला सांड. असल नाही म्हटलं, तरी खोली होतीच. अण्णाजी बाजूलाच उभे होते, ऐकून घेण्याची तयारी करून. पंधरा वर्षांपूर्वी मधुकरराव तेच वाक्य बोलले, तेव्हा निदान त्यांना ते खरं वाटत होतं.

ते खाकरले.

"मी मधुकर शामराव घोडमारे," ते म्हणाले आणि थांबले. पटांगणात सांडानं पाय आपटला.

"मले दिसत नाई. दोन्ही डोळ्यांनी नाई. मी कोनतीच गाय पाह्यली नाई, अन् हा सांडबी पाह्यला नाई. माह्या बोलन्यावर कोनी जाऊ नये."

फोनमधून टुण् असा आवाज झाला. अंकितानं टिपणं थांबवलं होतं.

"झालं का?" पटांगणातून रजतनं विचारलं.

"एक मिनिट," तिनं मोठ्यानं सांगितलं. मग पाऊलभर पुढे आली आणि आवाज खाली आणला. "काका, त्यानं ऐकलं नाहीये. हे मी पुसून टाकते. तुम्ही परत बोला."

मधुकररावांनी काठीचं टोक मातीत फिरवलं.

"तुम्हाला दिसत नाही ते मला कालच कळलंय. तुमच्या हाताला कळतं, तेही बघितलंय मी. मी नाही सांगणार त्याला. परत घेऊ?"

तिच्या आवाजात दया नव्हती. म्हणूनच ते ऐकायला जड गेलं. एक पोरगी फाटक उघडं धरून उभी होती आणि आत गोठा होता.

"पुसू नको," मधुकरराव म्हणाले. "त्याले दाखवजो. नाईतर त्याच्या भागीदारायलेच पाठव एकदम. दाखल्याबिगर जनावर घ्यायचं नाई, असा त्यायचा बोल हाय ना?"

"हो."

"मग झालं."

अंकिता उभीच राहिली. मग तिची पावलं पटांगणाकडे गेली. खूप सावकाश गेली.

तिकडे आधी रजतचं हसणं ऐकू आलं, काही तरी भैय्याजीशी. मग ते थांबलं. मग उजेडाच्या त्या बाजूनं मधुकररावांना आपलाच आवाज ऐकू आला, बारीक आणि परका. मले दिसत नाई. तो पुढे बोलत गेला आणि संपला. रजतनं तो पुन्हा एकदा लावला. भैय्याजी काही तरी विचारायला लागला आणि मधेच गप्प झाला. रजतची पावलं दोनतीनदा इकडे यायला निघाली आणि प्रत्येक वेळी परत फिरली.

मधुकरराव काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. त्यांनी काठी जमिनीत दाबली.

अण्णाजी बाजूलाच होते.

"बसा," ते म्हणाले. "खाट तुमच्या मांगं हाय. दोन पावलं."

मधुकररावांनी हात मागे नेला नाही, काठीनंही पाहिलं नाही. ते दोन पावलं मागे सरले आणि बसले.